सात नखं

बेड चारला हात लावून उठवायचं नाही.
हे रजिस्टरात नसतं.
पहिल्या रात्री भोसेकर सिस्टरांनी
कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तोंडी दिलं:
पायथ्याशी उभी राहा, दोन पावलं मागं,
आधी हुद्दा म्हण, मग नाव.
'हवालदार केरबा मगदूम.'
मग ते डोळे उघडतात, छत बघतात, पंखा बघतात,
आणि हळूहळू कोल्हापुरात येतात.

टेंबलाईच्या उताराखाली आमचा माजी सैनिकांचा वॉर्ड.
बारा कॉट, एक बंद पडलेलं वजनाचं यंत्र.
हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात,
मागं दोन ट्रॉल्या, वर कर्कश स्पीकर,
त्यात सगळे गाढ झोपतात.
मी चपला काढून हळू चालले
की बाराच्या बारा जागे.

चंदगडचे सुभेदार रवळू गावडे
गोळ्या उंचीप्रमाणं ओळीत लावून घेतात.
निंगाप्पा नाईकांचा डावा कान गेलेला,
म्हणून व्हरांड्यात ते कायम माझ्या डाव्या हाताला.
दिवाळीत केरबांची सून आली, लाडवांचा डबा घेऊन.
'घरात मामंजी एक शब्द बोलत न्हाईत.
तुमच्याशी बोलतात का वो?'
'नाही,' म्हणाले मी.
त्यांनी ऐकलं, आणि लाडू उचलला.

एका रात्री ताप एकशे तीनवर गेला.
फडक्यात बर्फ गुंडाळून कपाळाशी नेला,
तर मनगट धरलं गेलं.
सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाची ती पकड नव्हती.
'बर्फ न्हाई, सिस्टर.
काय बी कर. बर्फ न्हाई.'
नळाच्या पाण्यानं पुसत बसले पहाटेपर्यंत.
नोंद केली: स्पंजिंग दिलं, ताप उतरला, रुग्ण शांत.
चार बोटांचे वळ बाहीखाली ठेवले
आठवडाभर.

रविवारी त्यांची नखं कापते. सात.
उजव्या पायाची तीन बोटं नाहीत.
विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, 'वर ऱ्हायली,'
जशी एखाद्याची छत्री केएमटीत राहावी.
'पर न्हाईत तीच लई खाजत्यात.'
आणि मी, मिरजेला तीन वर्षं शिकलेली,
वॉर्डातल्या पोरींना ड्रेसिंग शिकवणारी,
त्या पायाच्या पुढं, रिकाम्या चादरीवर
बोटभर अंतरानं खाजवते.
'हां. जरा डावीकडं.
हां, थितंच.'
पडदा आधी ओढून घेते.

'पोरगं काय करतंय?'
'भरतीसाठी पळतोय. पहाटे चारला उठतो.'
'किती वर्सं घेत्यात आता?'
'चार. पुढं ठेवलं तर ठेवलं.'
नेलकटर थांबलं माझं, ते मात्र पाय पुढंच धरून होते.
'चार वर्सांत,' म्हणाले,
'बूट तरी मऊ हुतोय का?'
मग खिडकीकडं बघत बराच वेळ काही नाही.
पुढच्या कॉटवर कुणी खोकलं.
'दूध घालत जा त्याला. म्हशीचं. कट्ट्यावरनं आण.'

सकाळी आठला चार्ज दिला.
स्कूटर, लाईन बाजार, पावाची पिशवी, दुधाची किटली.
दारात चिखलानं भरलेले बूट, नाडी न सोडता काढलेले.
योना पळून येऊन फरशीवरच झोपला होता,
मोजे अर्धे काढलेले, तोंड उघडं,
लहानपणी झोपायचा तसा.
दूध गॅसवर ठेवलं.
त्याला उठवायला गेले
आणि पाहते तर मी पायथ्याशी उभी,
दोन पावलं मागं.
तोंड उघडलं,
हाकेआधी जिभेवर जागा रिकामी झाली हुद्द्याची,
आणि त्याला तर अजून नावच आहे नुसतं.

किती वेळ तशी होते कोण जाणे.
दूध उतू गेल्याचा वास आला
तेव्हा हलले.